जुनीं विमानें आणि कमी ऑक्टेनचें पेट्रोल

विमानाच्या पेट्रोलविषयीं एक समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ती अशी कीं, ज्या पेट्रोलचा ऑक्टेन आंकडा मोठा त्यांत शक्ति अधिक. दूध जितकें दाट तितकें पौष्टिक, त्यांतलाच हा हिशेब. वस्तुस्थिति मात्र अगदीं निराळी आहे. एक किलो ८७ ऑक्टेनचें आणि एक किलो १०० ऑक्टेनचें पेट्रोल जाळलें, तर निघणारी उष्णता जवळजवळ सारखीच भरते. ऑक्टेनचा आंकडा पेट्रोलची ताकद सांगत नाहीं. तो त्याची सोशिकता सांगतो. किती दाब आणि किती उष्णता सोसूनही हें पेट्रोल ठिणगीची वाट पाहत थांबेल व आपण होऊन पेटणार नाहीं, एवढेंच त्यावरून कळतें.

हा भेद पुस्तकी वाटला, तरी जगांत कांहीं माणसांना तो रोज लक्षांत ठेवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धांतलीं आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतलीं कित्येक विमानें आजही उडत्या स्थितींत राखलेलीं आहेत. त्यांच्या इंजिनांसाठीं जीं पेट्रोलें तयार केलीं गेलीं, त्यांपैकीं बहुतेक बाजारांतून नाहींशीं झालीं. ११५/१४५ नांवाचें जांभळें पेट्रोल गेलें, युद्धांतलें १००/१५० गेलें, ८०/८७ चें तांबडें पेट्रोलही दुर्मिळ झालें. आतां बहुतेक विमानतळांवर एकच निळें पेट्रोल मिळतें. त्याचें नांव १०० एलएल, म्हणजे कमी शिशाचें शंभर नंबरी. इंजिन बदलतां येत नाहीं, कारण तें बदललें तर विमान जुनें राहत नाहीं. आणि पेट्रोल तर आपल्या हातांत नाहीं. मग तें इंजिन चालवावयाचें कसें?

उत्तरासाठीं सिलिंडरांत काय घडतें तें आधीं पाहिलें पाहिजे. कोंकणांत पावसापूर्वीं शेतकरी राब भाजतो. पसरलेल्या पाचोळ्याला एका कडेनें आग लावतात, आणि ती जाळाची रेषा हळूहळू सरकत दुसऱ्या कडेला जाते. सिलिंडरांतील ज्वलन असेंच व्हावयास हवें. दट्ट्या वर येऊन पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत एका बाजूनें सरकत जाते. हें सारें सेकंदाच्या हजाराव्या दोन-तीन भागांत आटोपतें. तरीही तें ज्वलनच असतें, स्फोट नव्हे. वाढत जाणारा दाब दट्ट्याला जोरानें, पण सलगपणें, खालीं लोटतो.

आतां अशी कल्पना करावी कीं, आगीची रेषा अर्ध्यावर आली असतां पलीकडच्या कडेचा पाचोळा धगीनेंच इतका तापला कीं, आग पोंचण्यापूर्वींच तो सगळाच्या सगळा एका क्षणांत भडकला. सिलिंडरांत हेंच घडलें म्हणजे त्याला डिटोनेशन म्हणतात. ज्योतीपुढें उरलेलें मिश्रण दबतें, तापतें, आणि सोशिकता संपली कीं एकदम उडतें. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात व घणाचा घाव बसावा तसा ठोका पडतो. परंतु खरें नुकसान त्या ठोक्यानें होतें त्याहून अधिक उष्णतेनें होतें. जळत्या वायूचें तापमान दोन हजार अंशांच्या वर असतें, आणि दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्यांतील ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें. एरवीं दट्ट्या वांचतो तो त्याच्या पृष्ठाला चिकटून असणाऱ्या थंड वायूच्या पातळ थरामुळें. ठोक्याच्या लाटा तो थर झाडून टाकतात. मग उष्णता थेट धातूंत शिरते, दट्ट्याची कड झिजते, माथ्याला भोंक पडतें, आणि मिनिटा-दोन मिनिटांत इंजिन हातचें जातें.

घाटांत जुनी मोटार वरच्या गिअरमध्यें रेटली कीं होणारी खटखट पूर्वींच्या मोटारवाल्यांच्या ओळखीची असे. ती ऐकूं येते, म्हणून चालक पाय सैल करतो व इंजिन वांचतें. विमानांत ही सोय नाहीं. बारा किंवा चौदा सिलिंडरांची उघडी धुराडीं, प्रोपेलरची गर्जना, दंतचक्रांचा घरघराट, यांत ठोक्याचा आवाज बुडून जातो. वैमानिकाला दिसतो तो फक्त सिलिंडरच्या डोक्याच्या तापमानाचा कांटा. आणि तो वर चढूं लागेपर्यंत पुष्कळदां उशीर झालेला असतो. जुन्या इंजिनाच्या बाबतींत 'चालवून पाहूं, आवाज आला तर थांबूं' हा मार्ग मुळांतच बंद आहे. मर्यादा उड्डाणापूर्वीं कागदावर ठरलेली असावी लागते.

ऑक्टेनचा आंकडा कसा काढतात, हेंही थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञानें दोन द्रव निवडले. आयसो-ऑक्टेन हा अतिशय सोशिक; त्याला १०० गुण दिले. हेप्टेन हा अगदीं उतावळा, त्याला शून्य. हेप्टेन प्रारंभीं मिळत असे तें जेफ्री पाइन नांवाच्या झाडाच्या डिंकापासून, खनिज तेलापासून नव्हे. एखादें पेट्रोल परीक्षा-इंजिनांत ८७ भाग आयसो-ऑक्टेन व १३ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेंच ठोका देऊं लागलें, म्हणजे तें ८७ ऑक्टेनचें. शंभराच्या पुढें मोजपट्टी बदलते. १३० याचा अर्थ असा कीं, शुद्ध आयसो-ऑक्टेनवर ठोका न पडतां जेवढी शक्ति काढतां येते, तिच्या १३० टक्के शक्ति या पेट्रोलवर काढतां येते. विमानाच्या पेट्रोलला १००/१३० असे दोन आंकडे असतात, त्यांपैकीं पहिला मिश्रण विरळ असतांनाचा व दुसरा दाट असतांनाचा. पेट्रोल जास्त सोडलें तर तें वाफ होतांना मिश्रणाला थंड करतें, म्हणून दुसरा आंकडा मोठा. उड्डाणाच्या वेळीं इंजिनाला गरजेपेक्षां जास्त पेट्रोल कां पाजतात, याचें कारण येथेंच आहे. तें पेट्रोल जाळण्यासाठीं नसतें, थंड करण्यासाठीं असतें.

आतां मर्लिनकडे वळूं. रोल्स-रॉइस कंपनीचें हें बारा सिलिंडरांचें, २७ लिटरांचें इंजिन स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर आणि पुढें मस्टँग या विमानांत बसविलेलें होतें. मर्लिनच्या कथेंत जेवढें पेट्रोलशास्त्र भरलें आहे तेवढें दुसऱ्या कोणत्याही इंजिनाच्या कथेंत क्वचितच सांपडेल. तिचा दट्ट्या मिश्रणाला सहा पटींनीं दाबतो. हें प्रमाण आजच्या साध्या मोटारीपेक्षांही कमी आहे. परंतु मर्लिनला एक सुपरचार्जर आहे. इंजिनाच्याच शक्तीनें अतिवेगानें फिरणारें हें चक्र हवा सिलिंडरांत कोंबतें. सायकलीचा पंप भरभर मारला म्हणजे त्याचें टोंक तापतें हें सर्वांस ठाऊक आहे. तशीच ही कोंबलेली हवाही तापते. म्हणजे दट्ट्यानें दाबण्यापूर्वींच मिश्रण दाबलेलें व तापलेलें असतें. जास्त हवा म्हणजे जास्त शक्ति, हें खरें. पण त्या शक्तीबरोबर ठोकाही जवळ येतो. किती कोंबावयाचें हें मग पेट्रोल ठरवितें.

ब्रिटिश पद्धतींत हा दाब 'बूस्ट' म्हणून पौंडांत मोजतात. समुद्रसपाटीवरील हवेच्या प्रमाण दाबाइतका दाब असेल तर बूस्ट शून्य. युद्धापूर्वीं ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर मर्लिनला सव्वासहा पौंडांची मर्यादा होती. मर्लिन-३ या आवृत्तीची शक्ति त्या मर्यादेंत १०३० अश्वशक्ति भरे, आणि तीही १६,२५० फुटांवर. १९४० सालीं ब्रिटनच्या लढाऊ तुकड्यांना १०० ऑक्टेनचें पेट्रोल मिळूं लागलें, आणि संकटसमयीं पांच मिनिटांपुरता बारा पौंडांचा बूस्ट वापरण्याची परवानगी मिळाली. इंजिन तेंच होतें, तरीही ९००० फुटांवर १३१० अश्वशक्ति निघूं लागली. ही सवलत वापरल्याची नोंद वैमानिकाला परतल्यावर करावी लागे, कारण त्या पांच मिनिटांचा जमाखर्च यंत्रशाळेला ठेवावा लागे. १९४४ मध्यें १००/१५० जातीचें पेट्रोल आलें, तेव्हां मर्लिन-६६ या आवृत्तीचा बूस्ट २५ पौंडांपर्यंत चढविला गेला. जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बाँबांना गांठण्यासाठीं जमिनीजवळ मिळेल तेवढा वेग हवा होता. इंजिन अधिकाधिक मजबूत होत गेलें हें खरेंच, परंतु वाढत्या पेट्रोलाविना तें मजबुतीकरण निरुपयोगी ठरलें असतें.

वरच्या आंकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. ९००० फूट आणि १६,२५० फूट या दोन उंची निरनिराळ्या कां? विमान जसजसें वर जातें तसतशी हवा विरळ होते, आणि सुपरचार्जर पूर्ण उघडा ठेवूनही ठरलेला दाब देऊं शकत नाहीं. बारा पौंडांचा दाब सुमारें ९००० फुटांपर्यंतच टिकतो. १६,२५० फुटांवर थ्रॉटल पूर्ण उघडला तरी सव्वासहा पौंडच मिळतात. म्हणजे तेथून वर ८७ आणि १०० ऑक्टेनच्या पेट्रोलांत शक्तीच्या दृष्टीनें कांहींच फरक उरत नाहीं. चांगल्या पेट्रोलाचा सारा लाभ खालच्या हवेंत आहे. याची उलट बाजू आजच्या काळीं महत्त्वाची आहे: हलकें पेट्रोल भरलें म्हणजे नुकसान होतें तें मुख्यतः जमिनीजवळ, उड्डाणाच्या क्षणीं, आणि शक्तीची गरज सर्वांत अधिक असते तीही तेथेंच.

जर्मन अभियंत्यांनीं ही अडचण निराळ्या रीतीनें सोडविली होती. त्यांचें बरेंचसें पेट्रोल कोळशापासून बनविलेलें असे, व मेसरश्मिटच्या डाइमलर-बेंझ ६०१ या इंजिनाची मुख्य आवृत्ति ८७ ऑक्टेनवर चाले. त्यांनीं हवा कोंबण्याऐवजीं इंजिनच मोठें केलें. मर्लिन २७ लिटरांची, तर डाइमलर-बेंझ ३३.९ लिटरांचें. मोठ्या पातेल्यांत मंद आंचेवर शिजवावें तसा हा प्रकार. पुढें शक्ति आणखी हवी झाली तेव्हां पाणी व मेथॅनॉल यांचें जवळजवळ निम्मेनिम्म मिश्रण सुपरचार्जरच्या वाटेनें सोडण्याची युक्ति त्यांनीं केली. पाणी जळत नाहीं. तें फक्त मिश्रण थंड करतें, आणि त्यामुळें तेंच पेट्रोल जास्त दाब सोसतें. अमेरिकनांनींही आपल्या मोठ्या इंजिनांत हीच युक्ति वापरली. पाण्याची टांकी म्हणजे बाटलींत भरलेला ऑक्टेन, असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं.

आज ब्रिटनच्या हवाई दलाची स्मारक-तुकडी लिंकनशरमधील कॉनिंग्जबी येथून स्पिटफायर, हरिकेन आणि एक लँकेस्टर उडविते. त्यांच्या मर्लिन १०० एलएल या निळ्या पेट्रोलवर चालतात. हें पेट्रोल सोशिकतेंत १००/१३० च्या तोडीचें आहे. फरक आहे तो शिशाच्या प्रमाणांत. म्हणून २५ पौंडांचा बूस्ट इतिहासजमा झाला तरी युद्धकाळांतला नेहमींचा १८ पौंडांचा बूस्ट तत्त्वतः शक्य आहे. प्रत्यक्षांत तो कोणी शहाणा चालक वापरीत नाहीं. अंगावर दारूगोळा नाहीं, चिलखत नाहीं, पाठीवर शत्रु नाहीं. हलक्या विमानाला निम्म्याहून कमी बूस्ट पुरतो. मर्लिनचे सुटे भाग आतां पोत्यानें मिळत नाहींत, आणि एक इंजिन नव्यानें बांधावयाचें म्हणजे महिन्यांचें काम असतें.

खरी ओढाताण होते ती ११५/१४५ साठीं बांधलेल्या इंजिनांची. राइट कंपनीचें १८ सिलिंडरांचें आर-३३५० हें त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या टर्बो-कंपाउंड आवृत्तींत धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूंवर तीन चक्रें फिरवून तीही शक्ति इंजिनाच्या दांड्याकडे परत आणीत. प्रत्येक इंजिन ३२५० अश्वशक्ति देई. एअर-इंडिया इंटरनॅशनलनें १९५४ पासून वापरलेल्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांना हींच इंजिनें होतीं, आणि मुंबईच्या जुन्या प्रवाशांपैकीं कांहींना त्या तीन शेपट्यांच्या विमानाची आठवण असेल. जांभळें पेट्रोल नाहींसें झाल्यावर जगांत उरलेल्या थोड्या सुपर कॉन्स्टेलेशनांना निळ्या पेट्रोलवर आणावें लागलें. त्यासाठीं इंजिन उघडावें लागलें नाहीं; नळींतील दाबाची मर्यादा खालीं आणली एवढेंच. शक्ति घटली, पण विमानांत प्रवासी नाहींत, माल नाहीं, समुद्र ओलांडण्याइतकें पेट्रोलही सहसा भरलेलें नसतें. वजनांत जें वांचलें तें शक्तींतल्या तुटीला भरपाई म्हणून पुरलें.

ही सगळी विद्या मग एका वाक्यांत मावते: पेट्रोल हलकें झालें तर दाब कमी करावा. वाक्य सोपें आहे. अंमल तसा नाहीं. दाब कमी म्हणजे धांव लांब. धावपट्टीची लांबी, दिवसाची उष्णता, विमानाचें वजन यांचे जुने तक्ते पूर्ण शक्ति गृहीत धरून केलेले. ते पुन्हां मांडावे लागतात. दोन इंजिनांच्या विमानांत एक बंद पडलें तर उरलेल्या एकावर विमान तरेल कीं नाहीं, हा हिशेब तर सर्वांत आधीं. शिवाय उन्हाळ्याची हवा दोन्हीकडून मारते: ती विरळ असल्यानें शक्ति कमी, आणि तापलेली असल्यानें ठोका जवळ. नागपूरच्या मे महिन्यांत जो दाब घातक ठरेल तोच लिंकनशरच्या सकाळीं निर्धोक असूं शकतो. कार्ब्युरेटरांत बर्फ धरूं नये म्हणून गरम हवा सोडण्याची एक कळ असते. ती उड्डाणाच्या वेळीं चुकून उघडी राहिली तर हलक्या पेट्रोलवर तेवढ्यानेंही घात होऊं शकतो. मिश्रण विरळ करून पेट्रोल वांचविण्याचा मोह अधिक शक्तीवर आवरावा लागतो. ठिणगी किंचित् उशिरां पाडणें हाही एक उपाय आहे, परंतु त्यानें धुराडें तापतें आणि शक्ति आणखी उतरते.

भारतीय हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडींत एक डकोटा आहे. राजीव चंद्रशेखर यांनीं आपले वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या सन्मानार्थ तो दिला. इंग्लंडांत त्याची दुरुस्ती झाली, आणि २०१८ च्या एप्रिलांत तो तेथून उडत दिल्लीजवळच्या हिंडन तळावर आला. त्याला नांव दिलें 'परशुराम', आणि क्रमांक दिला व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक होता. याचीं दोन ट्विन वास्प इंजिनें चौदा-चौदा सिलिंडरांचीं, हवेनें थंड होणारीं, प्रत्येकीं १२०० अश्वशक्तीचीं. पाण्यानें थंड होणाऱ्या मर्लिनपेक्षां अशा इंजिनाचें डोकें अधिक तापतें. त्याच्या तापमानाची कमाल मर्यादा २६० अंशांची; त्या कांट्याकडे पाहत उत्तर भारताच्या उन्हाळ्यांत विमान उडविणें म्हणजे काय, हें ज्यानें केलें त्यालाच ठाऊक. अशा तुकडीचें सुदैव एवढें कीं, पूर्वीं परदेशांतून आणावें लागणारें १०० एलएल पेट्रोल इंडियन ऑइलच्या वडोदऱ्याच्या कारखान्यांत बनूं लागलें, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत हिंडन येथेंच त्याचा प्रारंभ झाला. पुढच्या जानेवारींत त्याचीं पहिलीं पिंपें न्हावा-शेव्याच्या बंदरांतून पापुआ न्यू गिनीला रवाना झालीं.

आतांपर्यंत हलकें पेट्रोल म्हणजे संकट असें चित्र उभें राहिलें. परंतु सर्वच जुन्या इंजिनांना तें लागू नाहीं. टायगर मॉथचें जिप्सी मेजर इंजिन घ्यावें: चार सिलिंडर, १३० अश्वशक्ति, सुपरचार्जर नाहीं, आणि दट्ट्या मिश्रणाला दाबतो तो अवघा सव्वापांच पट. सत्तर-सत्त्याहत्तर ऑक्टेनवर तें आनंदानें चालतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूला आले, तेव्हां त्यांच्या पस मॉथमध्यें याच घराण्यांतलें इंजिन होतें. अहमदाबादेस त्यांचें पेट्रोल बैलगाडींतून डब्यांनीं आलें होतें. अशा इंजिनाला शंभर नंबरी पेट्रोल पाजणें हें वरणभात खाणाऱ्याला रोज पंचपक्वान्न वाढण्यासारखें आहे. लाभ कांहीं नाहीं, अपाय मात्र आहे. जुन्या तांबड्या ८०/८७ पेट्रोलांत लिटरमागें जास्तींत जास्त ०.१४ ग्रॅम शिसें असे. निळ्यांत तें ०.५६ पर्यंत असूं शकतें, म्हणजे चौपट. मंद आंचेच्या इंजिनांत हें शिसें पुरतें जळून बाहेर जात नाहीं. तें ठिणगीच्या प्लगवर बसतें, झडपांच्या दांड्यांना चिकटतें, आणि झडप अडकते. येथें कमी ऑक्टेनचें, बिनशिशाचें पेट्रोल हेंच औषध ठरतें. स्वीडनमध्यें १९९१ पासून, आणि पुढें ब्रिटन व युरोपांतही, ९१ ऑक्टेनचें असें पेट्रोल मिळूं लागलें.

येथें कोणी विचारील कीं, मग रस्त्यावरच्या पंपाचें पेट्रोल कां भरूं नये? अमेरिकेंत १९८२ पासून कांहीं लहान विमानांना तशी रीतसर परवानगी मिळालीही आहे. परंतु पंपावरचा ९१ आणि विमानाचा ९१ हे दोन निराळे आंकडे आहेत. आपल्याकडील पंपावरचा आंकडा सौम्य परीक्षेंतला असतो. विमानाचा पहिला आंकडा कठीण परीक्षेशीं जुळणारा. पंपावरचें ९१ कठीण परीक्षेला बसविलें तर आठ-दहा गुणांनीं खालीं उतरतें. त्यांत आतां इथेनॉलची भर पडली. आपल्या देशांत २०२५ पर्यंत हें मिश्रण २० टक्क्यांवर गेलें. इथेनॉल पाणी ओढून घेतो आणि जुन्या विमानांतील रबर, बूच, लाख, टांक्यांचे सांधे यांना खातो. उंचीवर लवकर वाफ होऊन नळी तुंबण्याचें भय तर वेगळेंच. ऑक्टेन जुळला म्हणजे पेट्रोल जुळलें, असें समजणाऱ्यास हें विमान शिकवितें, आणि त्याची शिकविण्याची रीत फार कठोर आहे.

राहिला प्रश्न शिशाचा. १९२१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत टॉमस मिजली यानें टेट्राएथिल लेड या द्रवाचे थोडे थेंब पेट्रोलची सोशिकता वाढवितात हें शोधून काढलें. शंभर नंबरी पेट्रोल, म्हणजे मर्लिनचे बारा पौंडही, या थेंबांवर उभे होते. हा पदार्थ विषारी आहे हें तेव्हांच कळलें होतें. मिजली स्वतः त्यानें आजारी पडला. त्यानेंच पुढें शोधलेल्या शीतकरणाच्या वायूंनीं ओझोनच्या थराला भोंक पाडलें. एका माणसाच्या हातून एवढे दोन पराक्रम क्वचितच घडत असतील. मोटारींच्या पेट्रोलांतून भारतानें शिसें १ फेब्रुवारी २००० पासून हद्दपार केलें. जगांतून तें २०२१ मध्यें अल्जीरियानें शेवटीं काढलें. विमानाच्या पेट्रोलांत मात्र तें राहिलें. कॅलिफोर्नियांत रीड-हिलव्ह्यू या लहान विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तांत शिसें अधिक आढळतें, असें २०२१ च्या पाहणींत दिसलें, आणि १ जानेवारी २०२२ पासून तेथें शिशाच्या पेट्रोलची विक्री थांबली. लहान मुलांच्या मेंदूची किंमत देऊन जुन्या विमानांची गर्जना ऐकावी, असें कोणीही समंजस रसिक म्हणणार नाहीं. अडचण आहे ती पर्यायाची.

अमेरिकेनें २०३० च्या अखेरपर्यंत हें शिसें काढण्याचें ठरविलें आहे. बिनशिशाचें एक १०० ऑक्टेनचें पेट्रोल तेथें २०२२ च्या सप्टेंबरांत मान्य झालें, पण रंग आणि टांक्यांच्या सांध्यांविषयीं तक्रारी आल्या. नॉर्थ डकोटाच्या विद्यापीठानें आपल्या शिकाऊ विमानांसाठीं ९४ ऑक्टेनचें बिनशिशाचें पेट्रोल घेतलें, आणि झडपांच्या बैठका खचूं लागल्याचें आढळल्यावर २०२३ मध्येंच तें थांबविलें. हीं तर आजच्या बनावटीचीं इंजिनें होतीं. ऐंशी वर्षांपूर्वींच्या इंजिनावर असा प्रयोग करावयाचा, तर जागोजाग तापमापक बसवून, जमिनीवर तासन् तास चालवून आणि दर थोड्या तासांनीं झडपा उघडून पाहूनच तो करावा लागेल.

१०० ऑक्टेनचा खात्रीचा पर्याय वेळेवर मिळाला नाहीं आणि ९१ वरच भागवावें लागलें, तर मर्लिनच्या मालकांस जुन्या पुस्तिका उघडाव्या लागतील. त्यांत ८७ ऑक्टेनची मर्यादा छापलेली आहेच: सव्वासहा पौंड. पहिल्या पिढीच्या मर्लिनला ती जवळजवळ तशीच लागू पडेल. दुहेरी सुपरचार्जरच्या पुढच्या मर्लिन हवा अधिक तापवितात. त्यांना ती हवा पुन्हां थंड करणारें पात्र जोडलेलें असतें. तरीही तोच सव्वासहाचा आंकडा त्यांना निर्धोक असेल असें गृहीत धरतां येत नाहीं. त्यांची मर्यादा नव्यानें, प्रयोगानेंच, काढावी लागेल. एरवीं त्या दाबावर स्पिटफायर उडेल, वळेल, प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाईल. लँकेस्टरला धावपट्टी थोडी जास्त लागेल.